नियम गप्प असेल तेव्हा चित्र कोणाचं?
ग्वांतानामोच्या तुरुंगातल्या कलाकृती, २०१७ ते २०२५ : एक प्रकरण अभ्यास

या टिपणात कैद्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. संस्था, तारखा आणि निकाल मात्र उघड नोंदींतले आहेत. तुरुंगात चित्रकलेचे वर्ग घेणाऱ्यांनी, वकिलांनी आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांनी या प्रकरणातला प्रत्येक टप्पा सावकाश पाहावा. यातली बरीचशी अडचण टाळता आली असती, आणि ती टाळायला एक पानभर मजकूर पुरला असता.

पार्श्वभूमी

क्यूबातल्या ग्वांतानामो बे इथे अमेरिकेचा नाविक तळ आहे. जानेवारी २००२ मध्ये तिथे तुरुंग उघडला. आजवर सुमारे ७८० माणसं तिथे ठेवली गेली. त्यांतल्या बहुतेकांवर कधीच आरोप ठेवला गेला नाही, म्हणजे खटला नाही, शिक्षा नाही आणि सुटकेची तारीखही नाही. या एका गोष्टीमुळे हे प्रकरण नेहमीच्या ‘कैद्यांची कला आणि पुनर्वसन’ या साच्यात बसत नाही. ज्याला दोषीच ठरवलेलं नाही त्याचं पुनर्वसन कशातून करायचं?

सुरुवातीच्या वर्षांत कागद आणि पेन्सिल मिळत नसे. जेवणाबरोबर येणारे थर्माकोलचे पेले हाच कागद. नखानं किंवा चमच्याच्या टोकानं त्यावर फुलं आणि ओळी कोरायच्या आणि जेवण उरकलं की पेले जमा व्हायचे. ओबामा प्रशासनाच्या काळात चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. वर्गात पायातली बेडी जमिनीला अडकवलेली असे. रंग आणि कागद तुरुंग पुरवी. भेटीला आलेल्या पत्रकारांना ही चित्रं अभिमानानं दाखवली जात. इथे माणुसकीनं वागवलं जातं याचा तो पुरावा होता. पुढे हीच चित्रं सुरक्षेचा प्रश्न झाली, म्हणून हे ध्यानात ठेवावं.

काय रंगवायचं यावर मर्यादा होत्या. छळाची आणि राजकीय अर्थाची चित्रं बाहेर जात नसत. उरला समुद्र, फुलदाण्या, गावाकडची दृश्यं. समुद्र तर अगदी जवळ होता, पण कुंपणांवर हिरवी ताडपत्री असल्यानं दिसत नसे, फक्त ऐकू येई. २०१४ मध्ये वादळाच्या भीतीनं ती ताडपत्री काही दिवस उतरवली गेली. कैद्यांनी समुद्र पाहिला, आणि त्यानंतरच्या चित्रांत तो जागोजाग येत राहिला.

साहित्याचं बोलायचं तर, दिलेल्या रंगांवर सगळ्यांचं भागत नव्हतं. एकानं कॉफीचा चोथा आणि आवारातली बारीक खडी रंगात कालवून पोत आणला. उपोषणावर असलेल्या एकानं रिकामी भांडी आणि पेले मांडून स्थिरचित्रं काढली. तिसऱ्यानं गलबतांच्या प्रतिकृती केल्या. सांगाडा पुठ्ठ्याचा. जुन्या टी-शर्टाला गोंद पाजून कडक केलेली शिडं. डोलकाठ्यांचे दोर टोपीच्या आणि पुसण्याच्या फडक्याच्या उसवलेल्या धाग्यांचे. शिवण दातांत फिरवायच्या दोऱ्याची, चाकं बाटल्यांच्या झाकणांची, आणि पृष्ठभाग सिमेंटच्या जमिनीवर घासून गुळगुळीत केलेला. हत्यार म्हणता येईल असं काही हाती नसताना ही कामं झाली आहेत. ‘टर्पेंटाइन नको, कटर नको, मग वर्ग कसा घ्यायचा’ असं म्हणणाऱ्या आपल्याकडच्या शिक्षकांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

चित्र बाहेर पडण्याची वाट

प्रथा अशी होती. कैदी आपलं चित्र वकिलाला भेट द्यायचा किंवा घरच्यांना पाठवू पाहायचा. लष्कराची माणसं ते तपासायची, आत छुपा संदेश आहे का आणि विषय चालण्यासारखा आहे का. मंजूर झालं की ‘अमेरिकी सैन्याची मंजुरी’ असा शिक्का मागच्या बाजूला बसे. कागद पातळ आणि शाई ओली, त्यामुळे कित्येक जलरंगांत तो शिक्का पुढच्या बाजूला उमटला आहे, निळ्या समुद्राच्या मधोमध उलटी अक्षरं. पाहणाऱ्याला तो चित्राचाच भाग वाटतो, आणि एका परीनं तो आहेही. पण शिक्का वेगळ्या चिठ्ठीवर मारून ती सोबत जोडली असती तर कागद वाचला असता.

शिक्क्याचा अर्थ ‘हे बाहेर जाऊ शकतं’ एवढाच होता. हे कोणाचं, याबद्दल तो काहीच सांगत नव्हता. वकिलांनी धरून चालवलं की चित्र कैद्याचं आणि त्यानं ते आपल्याला दिलं. तुरुंगानं काय धरून चालवलं होतं ते कोणी विचारलंच नाही. काही वर्षं असंच बिनबोभाट चाललं.

प्रदर्शन आणि पेच

वकिलांच्या कार्यालयांत चित्रांचे ढीग साठले. एका वकिलानं न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेज ऑफ क्रिमिनल जस्टिसमधल्या प्राध्यापिकेला विचारलं, प्रदर्शन भरवता येईल का? या बाईंचा विषय कलाविश्वातले गुन्हे. कॉलेजही पोलीस आणि तुरुंग खात्यात जाणाऱ्या विद्यार्थ्यांचं. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या एका साध्या दालनात आठ जणांच्या ३६ कलाकृती लागल्या. आठांपैकी चौघे तोवर सुटून अल्जीरिया, ओमान, मॉन्टेनेग्रो अशा देशांत पोचले होते. चौघे अजून आत. आतल्यांपैकी एक ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या खटल्यातला आरोपी. त्याचं चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांचा भोवरा. छळानंतर डोक्यात काय होतं ते वकिलाला दाखवण्यासाठी त्यानं ते काढलं होतं.

निवड कोणाची करायची, हा पहिला निर्णयबिंदू. आरोपी असलेल्या एकाला वगळलं असतं तर टीका कमी झाली असती. पण मग ‘निरपराधांची कला’ असा मथळा आपोआप लागला असता, आणि प्रश्न कलेचा न राहता चारित्र्याच्या दाखल्याचा झाला असता. आयोजकांनी त्याला ठेवलं. हल्ल्यात माणसं गमावलेल्यांपैकी काहींना ते बोचलं, आणि त्यांचं बोचणं खोटं म्हणता येत नाही. आमच्या मते निवड बरोबर होती. फक्त त्या कुटुंबांशी आधी बोलायला हवं होतं.

दुसरा निर्णयबिंदू वरकरणी किरकोळ होता, पण सगळं तिथेच अडलं. प्रदर्शनाच्या संकेतस्थळावर चित्रं विकत घ्यायची असल्यास संपर्कासाठी एक ईमेल पत्ता दिला गेला. विक्री सुटलेल्यांच्या चित्रांपुरती होती. परक्या देशात, भाषा येत नसताना, काम मिळत नसताना त्यांना त्या पैशांची गरजही होती. पण भिंतीवर आतल्यांची आणि बाहेरच्यांची चित्रं शेजारी शेजारी, आणि पत्ता सगळ्यांखाली एकच.

नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण खात्यानं कैद्यांच्या कलाकृती बाहेर जाणं थांबवलं. कारणं दोन दिली. विक्रीचे पैसे कुठे जातात ते कळत नाही, हे एक. ग्वांतानामोत कैद्यांनी केलेल्या वस्तू अमेरिकी सरकारच्या मालकीच्या आहेत, हे दुसरं. त्या वेळी तिथे ४१ जण होते. चित्रं जाळली जाणार असल्याचं आपल्या अशिलाला कळल्याचं एका वकिलानं वार्ताहरांना सांगितलं.

खात्यासमोरचे मार्ग

पहिलं कारण आणि दुसरं कारण वेगळं करून पाहिलं पाहिजे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पैशांची शंका रास्त आहे. तुरुंगातून वस्तू बाहेर जाते, पैसा तिसऱ्याच्या हाती पडतो आणि हिशेब कोणाकडेच नाही, हे कोणत्याही अधीक्षकाला चालणार नाही. पण यावर उपाय तयार होते. आतल्या कैद्यांच्या कलाकृतींची विक्री थांबवून भेट आणि प्रदर्शन चालू ठेवता आलं असतं. पैसे सुटकेपर्यंत गोठवलेल्या खात्यात ठेवता आले असते. ब्रिटनमध्ये कैद्यांच्या कलेसाठी १९६२ पासून चालत आलेल्या कोस्लर संस्थेची वाटणी तर सगळ्यांना माहीत आहे: विकलेल्या चित्राचे निम्मे पैसे कलाकाराला, पाव हिस्सा गुन्ह्याचे बळी ठरलेल्यांना मदत करणाऱ्या संस्थेला, पाव हिस्सा कोस्लरला. अमेरिकेतच मिशिगन विद्यापीठाचा तुरुंगकला प्रकल्प १९९६ पासून दरवर्षी राज्यातल्या कैद्यांचं विक्रीसह प्रदर्शन भरवतो. म्हणजे उपाय शोधून काढायचा नव्हता, उचलायचा होता.

हे मार्ग सोडून खातं मालकीच्या दाव्याकडे गेलं. रोग पैशांचा, औषध मालकीचं. त्यात भर म्हणजे दावा मागे जाणारा होता. आपल्याच माणसांनी वर्षानुवर्षं शिक्के मारून सोडलेल्या वस्तूंबद्दल आता म्हणायचं की त्या कधी तुमच्या नव्हत्याच. रंग आणि कागद सरकारनं दिला म्हणून चित्र सरकारचं, असा युक्तिवाद करायचा तर कॉफीच्या चोथ्याचं आणि टोपीतल्या धाग्यांचं काय करायचं, याला उत्तर नाही. शिवाय वस्तूची मालकी आणि तिच्यावरचा कलाकाराचा हक्क या दोन गोष्टी आहेत. कागद सरकारजमा केला तरी चित्राचा कॉपीराइट आपोआप सरकारकडे जात नाही. खात्याच्या निवेदनात हा फरक नव्हता.

आयोजकांसमोरचे मार्ग

आयोजकांनाही पर्याय होते. विक्रीशिवाय प्रदर्शन, हा सगळ्यात साधा. दुसरा असा की विक्री सुटलेल्यांपुरती ठेवायची, पण वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या वेळी, प्रत्येकाच्या लेखी संमतीनं. तिसरा म्हणजे आधीच खात्याला पत्र लिहून मालकीबद्दलची भूमिका विचारायची.

तिसऱ्यावर वकिलांमध्ये नेहमी वाद होतो. विचारलं की ‘नाही’ येतं आणि न विचारता चाललेलं बंद पडतं, हा अनुभव आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनाही आहे. तरी आमचा कल असा: आतल्यांची चित्रं वकिलांच्या कपाटात होती तोवर न विचारणं चाललं असतं. ती भिंतीवर आणि वर्तमानपत्रात जाणार हे ठरल्यावर प्रश्न येणारच होता. तो आपण विचारला असता तर उत्तरात निदान अटी असत्या. तो समोरून आला तेव्हा सरसकट बंदी आली. याचा अर्थ बंदीचा दोष आयोजकांचा असा नव्हे. तो निर्णय खात्याचा आणि जबाबदारीही खात्याची. पण विक्रीचा तो एक पत्ता त्यांना निमित्त देऊन गेला, आणि किंमत आत असलेल्यांनी मोजली. दालनात लागलेली चित्रं तर जागेवरच राहिली.

पुढे काय झालं

बाहेर जे होणं अपेक्षित होतं तेच झालं. बंदीच्या बातमीनं एका कॉलेजच्या दालनातलं प्रदर्शन जगभर पोचवलं. आयोजकांनी निषेधाचा अर्ज सह्यांसाठी फिरवला. जानेवारी २०१८ मध्ये प्रदर्शन ठरल्याप्रमाणे संपलं.

आत वेगळं घडलं. वर्ग बंद झाले नाहीत, पण चित्र कोणाला द्यायचं हा प्रश्नच संपला. कोठडीत किती कलाकृती ठेवायच्या यावरही बंधन आल्याचं वकिलांनी सांगितलं. पाहणारा नसेल तर रंगवायचं कशासाठी, म्हणून काहींनी हात आखडता घेतला. ट्रम्प प्रशासनाच्या पहिल्या कारकिर्दीत सुटका जवळपास थांबलेल्या होत्या, तेव्हा माणूस आणि चित्र दोन्ही आतच राहिले. त्यानंतर बायडन यांच्या काळात सुटकेला मंजुरी मिळू लागली तशी नवी अडचण पुढे आली: माणूस सुटेल, पण वर्षानुवर्षांचं काम मागे ठेवून. सुटलेल्या काही कैद्यांनी २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांना खुलं पत्र लिहून बंदी उठवायला सांगितलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये खातं थोडं सरकलं. सुटताना कैद्यानं आपल्या कलाकृती ‘नेता येतील इतक्या’ न्याव्यात, असं ठरलं. मालकीचा दावा मात्र सोडला नाही. ही सवलत वाचताना दोन गोष्टी खटकतात. ‘नेता येतील इतक्या’ हे कोण ठरवणार? जलरंगांची वही मांडीवर मावते. हातभर लांबीचं पुठ्ठ्याचं गलबत, ज्याचे दोर बोट लागलं तरी निसटतात, ते लष्करी विमानात खोक्याशिवाय जात नाही, आणि खोकं कोण देणार हे नियमात नाही. दुसरं, सवलत फक्त सुटणाऱ्याला. जो सुटणारच नाही त्याची चित्रं जिथल्या तिथे.

त्याच महिन्यात रिकाम्या भांड्यांची चित्रं काढणारा कैदी पाकिस्तानात परतला, आणि त्याच वर्षी कराचीत त्याच्या कामाचं प्रदर्शन भरलं. जानेवारी २०२५ मध्ये अकरा येमेनी कैदी ओमानला पाठवले गेले. गलबतं करणारा आणि खडी कालवून रंगवणारा, दोघेही त्यांत होते. तुरुंगात उरले पंधरा.

याच प्रश्नावर मुंबईचं उत्तर

ग्वांतानामोत मालकीबद्दल लेखी नियम कैद्यांसमोर कधी आलाच नव्हता. नियम गप्प होता, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ खात्यानं आपल्या बाजूनं लावला: दिलं नाही म्हणजे तुमचं नाही.

नेमका हाच युक्तिवाद आपल्याकडे होऊन गेला आहे. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या एकानं अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवू द्या म्हणाला. सरकारनं नाकारलं. स्थानबद्धांसाठीच्या १९५१ च्या आदेशात पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याचा हक्क कुठे दिलाय, असा सरकारचा सवाल. उच्च न्यायालयानं स्थानबद्धाच्या बाजूनं निकाल दिला, सरकार अपिलात गेलं, आणि १९६५ मध्ये ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अपील फेटाळलं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: तो आदेश बंधनांची यादी आहे, हक्कांची नाही. जे बंधनांत नाही ते माणसाकडे राहिलेलंच आहे. पुस्तकानं देशाच्या संरक्षणाला धक्का बसतो असं सरकारचंही म्हणणं नव्हतं.

निकाल स्थानबद्धाचा होता, शिक्षा झालेल्याचा नव्हे. तो ताणून सगळीकडे लावू नये. पण आपल्या तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे दोषी न ठरलेले. त्यांच्या चित्रांबद्दल बोलताना हा निकाल हाताशी असावा.

वेगळं काय करता येईल

एखाद्या मध्यवर्ती कारागृहात चित्रकलेचा वर्ग सुरू करायचा असेल तर पहिला ब्रश वाटण्याआधी कागद करा. यामागे कायद्याचं कारण आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक कलाकारच. पण त्याच कलमात अपवाद आहे: ‘सरकारी कलाकृती’ असेल तर, उलट करार नसल्यास, पहिला मालक सरकार. आणि सरकारी कलाकृतीच्या व्याख्येत सरकारच्या ‘निर्देशाखाली किंवा नियंत्रणाखाली’ झालेलं काम येतं. तुरुंगाच्या बराकीत तुरुंगाच्या रंगांनी काढलेलं चित्र नियंत्रणाखालचं म्हणायचं का? आमच्या मते नाही. नियंत्रण माणसावर आहे, चित्रावर नाही. पण उद्या कोणी तसं म्हणू शकतो. ‘उलट करार नसल्यास’ हे तीन शब्द तुमच्यासाठीच ठेवलेले आहेत. अधीक्षकाच्या सहीचा करार असला की अपवादाचं दार बंद होतं.

मजकूर सोप्या मराठीत, बंद्याला वाचून दाखवलेला, आणि एक प्रत त्याच्याकडे राहिलेली असावी. वस्तू कोणाची आणि कॉपीराइट कोणाचा, ही दोन वेगळी वाक्यं हवीत. एकात कोंबली की ग्वांतानामोचा घोळ पुन्हा होतो. नाव छापायचं, टोपणनाव की काहीच नाही, हे बंद्यानं प्रत्येक प्रदर्शनाला नव्यानं ठरवावं. खटला चालू असलेल्याच्या वकिलाला चित्र आधी दाखवा, कारण चित्रातला चाकू सरकारी पक्षाच्या हाती पडला तर तो फक्त चाकू राहत नाही. तपासणीला दिवसांची मुदत आणि नकाराला लेखी कारण मागा. तपासणीला देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. शिक्का चित्रावर मारू देऊ नका.

विक्रीचं कलम स्वतंत्र असावं, आणि वर्गाचं पहिलं वर्ष तरी विक्री नकोच. सुरू कराल तेव्हा किंमत कैदी ठरवेल, पैसे त्याच्या नावच्या खात्यात जातील आणि वाटणी आकड्यांत लिहिलेली असेल. गुन्ह्याच्या बळींसाठी वाटा काढायचा तर तो आधी लिहा. १९९८ च्या गुजरात खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अशा कपातीबद्दल सांगितलं आहे ते सक्तमजुरीच्या वेतनासंदर्भात. चित्र ही मजुरी नव्हे, तेव्हा ती कपात इथे आपोआप लागत नाही. कच्च्या कैद्याच्या बाबतीत तर बळी कोणाचा, हेच अजून ठरायचं असतं.

नष्ट करण्याबद्दलही एक ओळ घाला. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारनं १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं, त्याचे तुकडे झाले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ च्या, म्हणजे कलाकाराच्या नैतिक हक्कांच्या, आधारे उरलेले अवशेष शिल्पकार अमरनाथ सहगल यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. शिल्प सरकारनं विकत घेतलेलं होतं, तरीही. बराक बदलताना, झडतीत किंवा रंगकामाच्या वेळी कागद कचऱ्यात जाणं ही तुरुंगातली रोजची गोष्ट आहे. नष्ट करण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस आणि नेण्यासाठी एका नातेवाइकाचं नाव एवढं लिहिलेलं असलं तरी पुष्कळ.

शेवटचा रकाना बहुतेक अर्जांत नसतो. कैदी दुसऱ्या तुरुंगात हलवला गेला, सुटला किंवा आत मेला, तर चित्रं कोणाच्या ताब्यात द्यायची, किती दिवसांत, आणि खोक्याचा खर्च कोणाचा.